थिनरचा वास गेला, पण थिनर कुठे गेलं?

प्रश्न असा आला आहे: घरातल्या सागवानी दारांना आणि कपाटांना पॉलिश करून घेतलं. थिनरचा वास आठवडाभर घरात होता, मग गेला. पॉलिशवाले मिस्त्री म्हणाले, "हवेत उडून जातं, ऊन लागलं की संपतं." आता अर्धा लिटर थिनर उरलंय. ते गच्चीवर उन्हात उघडं ठेवलं तर असंच संपेल का? आणि संपतं म्हणजे नक्की काय होतं?

उडतं हे खरं आहे. ऊन लागलं की संपतं हे मात्र मिस्त्रींना वाटतं तसं नाही. गेली बावीस वर्षं माझं काम हेच आहे. सहा लिटरचा स्टीलचा डबा आतून निर्वात करायचा, रस्त्यावर, शेतात किंवा डोंगरावर नेऊन त्याची तोटी उघडायची, फुस्स करून हवा आत शिरली की तोटी बंद करायची आणि प्रयोगशाळेत आणून त्या हवेत कोणती सेंद्रिय, म्हणजे कार्बनची, संयुगं किती आहेत ते मोजायचं. त्यामुळे 'उडून गेलं' हे शब्द ऐकले की मला पुढची सगळी वाट दिसते. ती वाट इथे सविस्तर सांगते.

थिनर ही मिसळ असते. टोल्युईन, झायलीन, काही एस्टर, अल्कोहोल, कीटोन, असं बरंच काही तिच्यात असतं. आपण टोल्युईन धरून चालू, कारण पेट्रोलमध्येही ते असतं आणि त्याचा अभ्यास भरपूर झालेला आहे. सहा कार्बनचं एक कडं आणि त्या कड्याला लटकलेला एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन), एवढाच तो रेणू.

आधी उन्हाचं पाहू. टोल्युईनचा रेणू साधारण २८० नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचे अतिनील किरण शोषतो. तेवढे आखूड किरण वरचा ओझोनचा थर जमिनीपर्यंत येऊच देत नाही. सुमारे २९० नॅनोमीटरच्या खालचं जवळजवळ सगळं तिथेच अडतं. म्हणजे आपल्या गच्चीवरचं ऊन टोल्युईनच्या वाफेतून आरपार निघून जातं. उन्हानं ते लवकर उडतं, कारण ते तापतं. तुटत नाही. ऑक्सिजनचंही तसंच. हवेचा पाचवा हिस्सा ऑक्सिजन आहे, पण ठिणगी नसेल तर नेहमीच्या तापमानाला तो टोल्युईनला हात लावत नाही. आणि पाऊस? टोल्युईन पाण्यात इतकं कमी विरघळतं की मुसळधार पावसातूनही ते जवळजवळ सगळं कोरडंच सुटतं. पावसानं हवा धुतली जाते, हे धुळीच्या बाबतीत खरं आहे. थिनरच्या वाफेच्या बाबतीत नाही.

मग ते तोडतं कोण? हायड्रॉक्सिल नावाचं मूलक. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन आणि जोडी नसलेला एक इलेक्ट्रॉन. हा एकटा इलेक्ट्रॉनच सगळ्या कथेचं मूळ आहे, कारण त्याला जोडीदार मिळेपर्यंत हायड्रॉक्सिल कुणालाही सोडत नाही. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा हायड्रोजन ओढून घेतं, नाहीतर स्वतःच त्या रेणूला चिकटतं. ऊन इथे कामाला येतं, पण आडवळणानं. जमिनीजवळच्या हवेत थोडा ओझोन नेहमीच असतो. ३२० नॅनोमीटरच्या आसपासचे आणि त्याहून आखूड किरण त्या ओझोनला फोडतात आणि ऑक्सिजनचा एक चेतलेला अणू सुटतो. असे बहुतेक अणू नायट्रोजनला, ऑक्सिजनला धडकून थंड होतात. थोड्यांची गाठ पाण्याच्या वाफेशी पडते, आणि अशा प्रत्येक भेटीतून दोन हायड्रॉक्सिल जन्माला येतात. म्हणजे ऊन, ओझोन आणि दमट हवा. आपल्याकडे या तिन्हींची कमतरता नाही.

साध्या, स्वच्छ हवेतही दिवसा हे मूलक सतत तयार होत असणार, हे १९७१ साली हायरम लेव्ही या शास्त्रज्ञांनी मांडलं. तोवर हवेचं खालचं आवरण रसायनाच्या दृष्टीनं बरंचसं निवांत आहे, असाच समज होता. ते मूलक प्रत्यक्ष मोजायला पुढे बराच काळ गेला आणि आजही ते मोजणं अवघडच आहे, कारण त्याचं आयुष्य एक सेकंदही नसतं. लुडोच्या फाशाएवढी, म्हणजे एक घन सेंटिमीटर हवा घेतली तर दिवसाउजेडी तिच्यात सरासरी वीसेक लाख हायड्रॉक्सिल सापडतील. आकडा मोठा वाटतो. पण त्याच फाशाएवढ्या हवेत एकूण रेणू आहेत २५ वर १८ शून्यं इतके. हिशेब केला तर साडेबारा लाख कोटी रेणूंमागे एक हायड्रॉक्सिल पडतं. साऱ्या पृथ्वीची हवा स्वच्छ ठेवण्याचा बहुतेक भार या एवढ्याशा गोष्टीवर आहे. इतकी वर्षं झाली तरी हा आकडा लिहिताना मला थांबावं लागतं.

हायड्रॉक्सिल सगळ्यांना सारख्याच वेगानं गाठत नाही. झाडं सोडतात ते आयसोप्रीन उन्हात तासा-दीड तासात संपतं. थिनरमधलं मेटा-झायलीन सहाएक तासांत. टोल्युईनला उन्हाचे पंचवीसेक तास लागतात, म्हणजे रात्री धरून साधारण दोन दिवस. बेंझीनला नऊ-दहा दिवस. इथेनला दोन महिने. मिथेनला नऊ वर्षांच्या आसपास. सगळा खेळ पकडीचा आहे. रेणूत दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असेल तर हायड्रॉक्सिल तिथे लगेच चिकटतं, कड्यावर मिथाइल गट असतील तर कडं अधिक सहज हाती लागतं. मिथेनचे चारही हायड्रोजन इतके घट्ट बसलेले असतात की हजारो धडका वाया जातात.

या फरकाचा आम्ही घड्याळासारखा उपयोग करतो. वर्दळीच्या चौकात सकाळी भरलेल्या डब्यात बेंझीनच्या तिप्पट टोल्युईन सापडलं असं समजा. तीच हवा वाऱ्याबरोबर शहराबाहेर गेली आणि भर दुपारचे चार तास उन्हात राहिली. मधे स्वच्छ हवा मिसळून दोन्ही पातळ होतात, पण सारख्याच प्रमाणात. गुणोत्तर बदलतं ते फक्त हायड्रॉक्सिलमुळे, कारण ते टोल्युईन भराभर खातं आणि बेंझीन सावकाश. तिपटीचं प्रमाण सव्वादोन पटींच्या आसपास आलेलं दिसलं की आम्ही म्हणतो, ही हवा 'शिळी' आहे. ताजी हवा आणि शिळी हवा हे आमच्या प्रयोगशाळेतले रोजचे शब्द आहेत. आदल्या दिवसाची हवा आली तर नोंदवहीत सरळ 'कालची' असं लिहिलं जातं.

आता तुमच्या कपाटावरून निघालेल्या एका टोल्युईनच्या रेणूमागे जाऊ. शंभरातल्या नव्वदएक वेळा हायड्रॉक्सिल कड्यालाच चिकटतं. उरलेल्या वेळी लटकलेल्या मिथाइल गटाचा हायड्रोजन ओढतं, आणि त्या वाटेनं बेन्झाल्डिहाइड तयार होतं. कडू बदामाचा जो वास असतो तो याचाच. कड्याला चिकटल्यावर दोन फाटे फुटतात. काही रेणूंचं क्रेसॉल होतं. जुन्या फिनाइलसारखा ज्याचा वास असतो ते. बाकीच्यांवर ऑक्सिजन चढतो, कडं ताणलं जातं आणि तुटतं. एका कड्याचे दोन-तीन तुकडे होतात: ग्लायॉक्सल, मिथाइलग्लायॉक्सल आणि आणखी काही. आणि गंमत अशी की मूळ टोल्युईनला ऊन तोडू शकत नव्हतं, पण हे तुकडे ऊन शोषतात. मिथाइलग्लायॉक्सल उन्हात काही तासांतच फुटतं. मूळ टोल्युईन पाण्यात विरघळत नव्हतं, हे तुकडे चांगले विरघळतात, ढगाच्या थेंबात शिरतात आणि तिथे त्यांचं ऑक्झॅलिक आम्लही होतं. म्हणजे ऊन आणि पाऊस यांचा हात टोल्युईनला लागतो, पण आधी हायड्रॉक्सिलनं दार फोडल्यावर. पुढे फॉर्माल्डिहाइड, त्याचं कार्बन मोनॉक्साइड, आणि त्यालाही गाठायला पुन्हा हायड्रॉक्सिलच. त्याला साधारण दोन महिने लागतात. तेव्हा कुठे तो कार्बन डायऑक्साइड होतो. दोन महिन्यांत वारा कुठल्या कुठे जातो. तुमच्या कपाटावरच्या थिनरचा शेवटचा कार्बन कुठल्या तरी लांबच्या समुद्रावर कार्बन डायऑक्साइड झालेला असेल.

हे सगळं म्हणजे ज्योत नसलेलं जळणं आहे. चुलीत तेच कार्बन मिनिटात जळतं, हवेत महिने लागतात. शेवट एकच. पण चांगल्या ज्योतीत मधल्या पायऱ्या आपल्याला फारशा भेटत नाहीत, हवेत त्या आपल्या नाकातोंडात जातात. आणि मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते या मधल्या पायऱ्यांविषयीच.

हायड्रॉक्सिलनं रेणू मोडला आणि त्यावर ऑक्सिजन चढला की पेरॉक्सी मूलक तयार होतं. इथे वाट फुटते. आसपास नायट्रिक ऑक्साइड असेल, म्हणजे मोटारी, ट्रक आणि जनरेटर यांच्या धुरातला तो वायू, तर पेरॉक्सी मूलक आपला एक ऑक्सिजन त्याला देऊन टाकतं. त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. हा तपकिरी वायू ऊन शोषतो, काही मिनिटांत फुटतो, सुटलेला ऑक्सिजनचा अणू साध्या ऑक्सिजनला जोडला जातो आणि ओझोन तयार होतो. नायट्रिक ऑक्साइड पुन्हा पहिल्यासारखा, पुढच्या फेरीला हजर. त्याच साखळीत शेवटी हायड्रॉक्सिलही परत जन्मतं आणि पुढच्या टोल्युईनच्या मागे लागतं. नायट्रिक ऑक्साइड खर्च होत नाही, हायड्रॉक्सिल खर्च होत नाही. खर्च होतं ते थिनर, आणि वाढत जातो तो ओझोन, वरच्या थरात उपयोगी असला तरी इथे जमिनीजवळ नको असलेला.

आसपास नायट्रिक ऑक्साइड नसेल, समुद्रावर किंवा दाट जंगलावर जशी हवा असते तशी असेल, तर पेरॉक्सी मूलकं दुसऱ्या तशाच मूलकांना भेटतात, पेरॉक्साइड बनतात आणि पावसात धुऊन जातात. ओझोन बनत नाही. तेच टोल्युईन, तेच ऊन. शेजारी कोणाचा धूर आहे यावर पुढचं ठरतं. म्हणून 'थिनर किती वाईट?' या प्रश्नाला एकच आकडा देता येत नाही. सिग्नलवर गाड्या खोळंबलेल्या असताना ते जितकं वाईट असतं, तितकं कोकणातल्या एखाद्या वाडीत नसतं.

ही गोष्ट उघडकीला आली लॉस एंजेलिसमध्ये. १९४३ पासून तिथे डोळे चुरचुरवणारं धुकं पडू लागलं होतं, आणि लंडनसारखा कोळशाचा धूर तर तिथे नव्हता. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आरी हागेन-स्मिट हे डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ तेव्हा अननसाच्या स्वादावर काम करत होते. वास गोळा करून त्यातली द्रव्यं वेगळी करण्याचं त्यांचं कसब त्यांनी शहराच्या हवेला लावलं. पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजन डायऑक्साइड एकत्र उन्हात ठेवलं की तेच धुकं तयार होतं, हे त्यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. ओझोन ओळखण्यासाठी त्यांनी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या वापरल्या, कारण ताणलेल्या रबराला ओझोन चिरा पाडतो. महागडं यंत्र नसताना एका रबराच्या पट्टीवर शहराच्या हवेचं निदान करणारा हा माणूस माझ्या फार आदराचा आहे.

ओझोनची आणखी एक सवय लक्षात ठेवावी अशी आहे. तो जिथे धूर सुटतो तिथे कमी असतो आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला जास्त. भर रहदारीत ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनच खाऊन टाकतो. हवा शहराबाहेर पडते, शिळी होते, आणि मग ओझोन चढतो. म्हणजे थिनर शहरातलं, धूर शहरातला, आणि ओझोन पोचतो गव्हाच्या शेतात. पानाच्या रंध्रांतून तो आत शिरतो आणि दाणा भरण्याच्या काळात पिकाला मार बसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली अंदाज मांडला होता: २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाला. ते सगळं पॉलिशवाल्यांमुळे झालं असं कुणीही म्हणणार नाही. गाड्या, चुली, पेंढा जाळणं, झाडं, साऱ्यांचा त्यात वाटा आहे. पण तुमचं थिनर त्याच हिशेबात जमा होतं.

दुसरी मधली पायरी म्हणजे सूक्ष्म कण. ऑक्सिजन चढत गेला की काही रेणू जड आणि चिकट होतात, वायू म्हणून तरंगत राहत नाहीत, आधीच्या धुळीवर बसतात किंवा स्वतःच कण बनतात. हे मला कुठल्याही आलेखापेक्षा एका संत्र्यानं पटवलं. प्रयोगशाळेत ओझोन मापकाची पडताळणी चालू होती, त्यासाठी ओझोन तयार करणारं यंत्र सुरू होतं, आणि बाजूच्या टेबलावर कणमोजणीचं यंत्र. एका विद्यार्थ्यानं घरून आणलेलं नागपुरी संत्रं तिथेच सोललं. सालीतला तुषार उडाला, खोलीभर वास पसरला आणि कणमोजणीचा आकडा बघता बघता कैक पटींनी चढला. खोलीत धूर नव्हता, धूळ नव्हती. सालीतलं लिमोनीन आणि हवेतला ओझोन, एवढ्यावर ते कण हवेतून जन्माला आले होते. त्या दिवसापासून यंत्रांच्या खोलीत फळ सोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे.

रात्रीचं थोडक्यात. सूर्य मावळला की हायड्रॉक्सिल जवळपास थांबतं आणि नायट्रेट मूलक काम हाती घेतं. ते दिवसा काही सेकंदही टिकत नाही, रात्री टिकतं. झाडांच्या टर्पिनांना, म्हणजे त्यांच्या वासाच्या द्रव्यांना, ते मिनिटांत संपवतं. टोल्युईनकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही. म्हणून संध्याकाळी उडालेलं थिनर रात्रभर तसंच असतं आणि सकाळच्या रहदारीच्या धुराबरोबर उन्हात उतरतं. ही वेळ त्याच्यासाठी सगळ्यांत वाईट.

घरातलं वेगळं आहे, आणि तुमच्या तब्येतीच्या दृष्टीनं तेच जास्त महत्त्वाचं. खिडकीची काच ते आखूड किरण बरेचसे अडवते, त्यामुळे घरात हायड्रॉक्सिल फारच कमी असतं. घरातलं टोल्युईन तुटत नाही, ते फक्त बाहेर जाऊ शकतं. काही वर्षांपूर्वी आम्ही एका इमारतीच्या गच्चीवर हवा मोजत होतो. अचानक टोल्युईनचं शिखर आलेखाच्या वरच्या कडेला जाऊन आदळलं. दोन मजले खाली एका सभागृहाच्या फर्निचरला पॉलिश चाललं होतं. काम तीन दिवसांत आटोपलं, वास जाणवेनासा झाला, पण आमच्या आलेखावरचं टोल्युईन मूळ पातळीला यायला आणखी दहा-बारा दिवस गेले. लाकूड, गाद्या, पडदे ते पिऊन ठेवतात आणि हळूहळू सोडतात. म्हणून वास गेला तरी दोन आठवडे समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून वारा आरपार खेळू द्या, आणि त्या काळात लहान मूल त्या खोलीत झोपवू नका.

'लवकर तुटतं ते चांगलं' असंही म्हणता येत नाही. जुन्या फ्रिजमधल्या आर-१२ वायूत हायड्रॉक्सिलला ओढायला एकही हायड्रोजन नव्हता, म्हणून तो शंभर वर्षं टिकतो आणि वर जाऊन ओझोनचा थर फोडतो. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ साली हा धोका दाखवला. पुढे बऱ्याच नव्या गाड्यांच्या एसीत मुद्दाम दुहेरी बंध असलेला वायू आला, जो हायड्रॉक्सिल दहा-बारा दिवसांत मोडतं. पण मोडल्यावर त्याचं ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल होतं, ते पावसाबरोबर जमिनीत आणि पाण्यात उतरतं, आणि तिथे ते मोडणारं असं फारसं काही नाही. एखाद्या वायूचं आयुष्य किती, एवढंच विचारून भागत नाही. त्याच्यातून पुढे काय निघतं तेही विचारावं लागतं.

आता तुमचा अर्धा लिटर. ते सगळं टोल्युईन धरलं तर वजन होतं साधारण ४३० ग्रॅम. कोणत्या वाफेतून किती ओझोन होऊ शकतो याची विल्यम कार्टर या रसायनशास्त्रज्ञांनी केलेली मोजपट्टी कॅलिफोर्नियात ओझोनच्या नियमांसाठी वापरतात. तिच्यानुसार अनुकूल धुरात एक ग्रॅम टोल्युईनमागे ४ ग्रॅमपर्यंत ओझोन वाढू शकतो. वजन वाढतं कारण लागणारा ऑक्सिजन हवेतूनच येतो. एका टोल्युईनमागे सात-आठ ओझोनचे रेणू. म्हणजे तुमच्या डब्यातून जास्तीत जास्त सुमारे १.७ किलो ओझोन. आपल्याकडे ओझोनची आठ तासांची मर्यादा आहे घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. १.७ किलो ओझोन १ कोटी ७० लाख घनमीटर हवा त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतो. प्रत्यक्षात इतका क्वचितच होईल, पण भर एप्रिलमध्ये, शहरातल्या गच्चीवर, सकाळच्या वेळी डबा उघडा ठेवला तर त्याच्या बरंच जवळ जाल.

तेव्हा डब्याचं झाकण घट्ट लावा, गॅसपासून आणि उन्हापासून लांब ठेवा आणि पुढच्या कामासाठी मिस्त्रींच्याच हाती द्या. त्यांना ते लागणारच आहे. मोरीत किंवा गटारात ओतू नका. थिनरनं भिजलेली फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. आणि पुढच्या वेळी पॉलिश करताना पाण्यावर आधारित पॉलिश मिळतं का ते विचारा. त्यातूनही थोडी वाफ निघते, ती शून्य नसते, पण थिनरच्या मानानं फार कमी असते.